जोड लागलीच नाही: जगज्जेतेपदाविना राहिलेले हेवीवेट मुष्टियोद्धे

प्रश्न असा आहे: शेव्हर्स, लाइल, क्वारी ही सत्तरच्या दशकातली नावे नेहमी पुढे केली जातात, पण सगळे कालखंड धरले तर कधीही जगज्जेता न झालेला सर्वांत मोठा हेवीवेट मुष्टियोद्धा कोण, तो जगज्जेता का झाला नाही, आणि शिकणाऱ्या मुलाने या मंडळींपैकी एकाचीच लढत पाहायची झाली तर कोणती पाहावी?

पहिल्या भागाचे उत्तर आधीच देऊन टाकतो: सॅम लँगफर्ड. मुलांना शिकवण्यात आणि स्पर्धांत पंच म्हणून बसण्यात माझी तीसेक वर्षे गेली. या काळात दुसऱ्या क्रमांकाबद्दलचे माझे मत दोनदा बदलले, पहिल्याबद्दलचे कधीच नाही. मात्र ‘का झाला नाही’ हा भाग सविस्तर सांगावा लागेल, कारण त्यावरच बाकीच्या नावांचा क्रम अवलंबून आहे.

आपल्याकडे बॉक्सिंग शिकलेल्या माणसाला यातली मूळ अडचण चटकन ध्यानात येत नाही, कारण आपण सगळे हौशी बॉक्सिंगमध्ये वाढलो. तिथे सकाळी वजन होते, डॉक्टर तपासतात, ड्रॉ निघतो आणि ड्रॉमध्ये ज्याचे नाव समोर येईल त्याच्याशी लढावेच लागते. नाही लढलात तर समोरच्याला वॉकओव्हर मिळतो. (सर्वांत वरच्या वजनगटात जिल्ह्याला अनेकदा दोनच पोरे असतात आणि एकाला ताप आला की दुसरा ग्लोव्हज न घालताच सुवर्णपदक घेऊन घरी जातो, हा आमच्या हेवीवेटचा नेहमीचा विनोद आहे.) व्यावसायिक बॉक्सिंगमध्ये ड्रॉ नसतो. तिथला व्यवहार आपल्या कुस्तीच्या फडाच्या जास्त जवळचा आहे: जोड लागावी लागते. फडावर निदान वस्ताद आणि पंच मंडळी जोड ठरवतात. व्यावसायिक बॉक्सिंगमध्ये ती ठरवण्यात सर्वांत मोठा आवाज असतो खुद्द विजेत्याचा, त्याच्या मॅनेजरचा आणि पैसा लावणाऱ्या प्रवर्तकाचा. ज्याच्याशी हरण्याची भीती आहे त्याला टाळण्याचा अधिकार ज्याला टाळायचे आहे त्याच्याच हातात असतो. त्यामुळे जगज्जेता न झालेल्याचे मोठेपण तपासताना त्याने कोणाला हरवले एवढेच पाहून चालत नाही, त्याला कोणी आणि का टाळले हेही पाहावे लागते.

‘जगज्जेता न झालेला’ या शब्दांची हद्दही आधी आखून घेऊ. बिली कॉन १८ जून १९४१ रोजी न्यूयॉर्कच्या पोलो ग्राउंड्सवर जो लुईविरुद्ध बारा फेऱ्यांनंतर तीनपैकी दोन गुणपत्रिकांवर पुढे होता, आणि तेराव्या फेरीत नॉकआउटच्या मोहात पडून स्वतःच नॉकआउट झाला. पण कॉन त्याआधी लाइट हेवीवेटचा जगज्जेता होता, आर्ची मूरही होता, म्हणून दोघांना बाजूला ठेवतो. केन नॉर्टनला १९७८ मध्ये डब्ल्यूबीसी या जगज्जेतेपद देणाऱ्या संघटनेने लढत न होताच विजेता जाहीर केले आणि त्याच वर्षी जूनमध्ये पहिल्याच बचावात तो लॅरी होम्सकडून निसटता हरला. कागदावर तो जगज्जेता आहे, म्हणून नाइलाजाने त्यालाही वगळतो. दुसरी गोष्ट पट्ट्यांची, म्हणजे वेगवेगळ्या संघटनांच्या जगज्जेतेपदांची. जुन्या डब्ल्यूबीएच्या जोडीला डब्ल्यूबीसी १९६३ मध्ये, आयबीएफ १९८३ मध्ये आणि डब्ल्यूबीओ १९८८ मध्ये स्थापन झाली. म्हणजे आज एका वेळी चार हेवीवेट ‘जगज्जेते’ असू शकतात. जानेवारी २०१६ मध्ये चार्ल्स मार्टिनला आयबीएफचा पट्टा मिळाला तो प्रतिस्पर्धी ग्लाझकोव्हचा गुडघा लढतीतच दुखावल्यामुळे, आणि एप्रिलमध्ये अँथनी जोशुआने दुसऱ्या फेरीतच तो काढून घेतला. ज्या काळात सिंहासन एकच होते आणि त्यावर बसलेला माणूस सात-सात वर्षे हलत नव्हता, त्या काळातल्या माणसांना माझ्या लेखी म्हणूनच अधिक वजन आहे.

पहिले नाव पीटर जॅक्सनचे. जन्म १८६१, त्या वेळच्या डॅनिश वेस्ट इंडीजमधल्या सेंट क्रॉइ बेटावर. जहाजावरचा मुलगा म्हणून तो ऑस्ट्रेलियात पोहोचला, सिडनीत लॅरी फोलीच्या हाताखाली तयार झाला आणि १८८६ मध्ये ऑस्ट्रेलियाचा हेवीवेट विजेता झाला. उंच, सरळ डाव्या हाताचा, पायांवर हलका आणि रिंगबाहेर अत्यंत सभ्य असे त्याचे वर्णन समकालीनांनी केले आहे. २१ मे १८९१ रोजी सॅन फ्रान्सिस्कोत तो जेम्स कॉर्बेटशी ६१ फेऱ्या लढला. शेवटच्या कित्येक फेऱ्यांत दोघांनाही हात उचलवत नव्हते, आणि अखेर रेफरीने कोणालाही विजयी न ठरवता लढत रद्द केली. पुढच्याच वर्षी लंडनच्या नॅशनल स्पोर्टिंग क्लबमध्ये त्याने फ्रँक स्लाव्हिनला दहाव्या फेरीत संपवले. जगज्जेता जॉन सुलिव्हनने मात्र आपण कृष्णवर्णीयाशी कधी लढलो नाही आणि लढणारही नाही असे जाहीरच केले होते. सप्टेंबर १८९२ मध्ये सुलिव्हनचे पद घेतले ते कॉर्बेटने, म्हणजे ज्याला जॅक्सनने ६१ फेऱ्या जिंकू दिले नव्हते त्याने. जॅक्सनच्या वाट्याला नाटकात गुलामाची भूमिका करत गावोगाव फिरणे आले. १८९८ मध्ये थकलेल्या शरीराने तो पुढे जगज्जेता झालेल्या जेम्स जेफ्रीजसमोर उभा राहिला आणि तीन फेऱ्यांत हरला. १९०१ मध्ये क्वीन्सलँडमध्ये क्षयाने गेला. कॉर्बेटने पुढे त्याची थोरवी मोकळेपणाने मान्य केली, पण पदावर असताना त्याला पुन्हा संधी दिली नाही.

आता लँगफर्ड. कॅनडाच्या नोव्हा स्कोशियातल्या वेमथ फॉल्स या खेड्यात १८८३ मध्ये तो जन्मला, पोरवयातच घर सोडून बॉस्टनला आला आणि जो वुडमन नावाच्या औषधविक्रेत्याच्या बॉक्सिंग क्लबात झाडलोट करू लागला. तिथेच सरावासाठी रिंगमध्ये उतरला आणि वुडमन त्याचा मॅनेजर झाला. डिसेंबर १९०३ मध्ये त्याने जो गॅन्सला हरवले. गॅन्स त्या वेळी लाइटवेटचा जगज्जेता होता, पण लँगफर्डचे वजन त्या गटात बसत नसल्याने पद पणाला नव्हते. १९०४ मध्ये वेल्टरवेटचा मातब्बर जो वॉलकॉट याच्याशी त्याने पंधरा फेऱ्यांची बरोबरी केली. मग तो मिडलवेट झाला, आणि तिथून हेवीवेटच्या माणसांना पाडू लागला. त्याची उंची पाच फूट सात इंचांच्या आसपास होती. हे वाक्य वाचून पुढे जाऊ नका. आपल्या हॉलमधला साठ-पासष्ट किलोचा पोरगा डोळ्यांसमोर आणा आणि त्याने सहा फुटी, नव्वद किलोच्या माणसांना वीस वर्षे घरी पाठवले अशी कल्पना करा.

त्याच्या लढतींच्या थोड्याच फिती उरल्या आहेत आणि त्या जुन्या, धावऱ्या वेगाच्या आहेत. तरीही शिकवणाऱ्याच्या डोळ्याला बरेच काही दिसते. बुटक्या हेवीवेटचे दुखणे एकच असते: अंतर. समोरच्याचा हात पोहोचतो, आपला पोहोचत नाही, म्हणून तो उडी मारून आत शिरतो आणि हवेत असतानाच मार खातो. लँगफर्ड उडी मारत नाही. तो खांद्याने हूल देतो, समोरच्याचा जॅब (पुढच्या हाताचा सरळ ठोसा) बाहेर काढायला लावतो, डोके किंचित बाजूला नेत अर्धे पाऊल पुढे टाकतो आणि तेवढ्यात त्याच्या टप्प्यात आलेला असतो. तिथून त्याचे ठोसे आखूड असतात: हुक (बाजूने वळवून मारलेला ठोसा) असो वा उजव्या हाताचा ठोसा, कोपर बरगडीपासून फार दूर जात नाही आणि जोर कमरेतून येतो. आत शिरल्यावर तो मिठी मारून दम घेत बसत नाही. मोकळ्या हाताने काम चालूच असते. हे मुलांना शिकवायला महिनोन्‌महिने लागतात आणि निम्म्यांना ते येतच नाही.

२६ एप्रिल १९०६ रोजी मॅसॅच्युसेट्समधल्या चेल्सी इथे तो जॅक जॉन्सनशी पंधरा फेऱ्या लढला आणि हरला. लँगफर्डने जॉन्सनला खाली पाडले अशी दंतकथा पुढे वुडमनने पसरवली. त्या वेळच्या वृत्तांतांत तिला आधार नाही आणि जॉन्सनचा विजय स्पष्ट होता. लँगफर्डचा कैवार घेताना हे लपवू नये. पण त्या दिवशी जॉन्सन त्याच्यापेक्षा सुमारे तीस पाउंडांनी भारी होता आणि लँगफर्ड अजून पुरता भरलेलाही नव्हता. २६ डिसेंबर १९०८ रोजी जॉन्सन सिडनीत टॉमी बर्न्सला हरवून पहिला कृष्णवर्णीय हेवीवेट जगज्जेता झाला, तेव्हा भरलेला, हेवीवेट झालेला लँगफर्ड दारात उभा होता. जॉन्सनने दार उघडले नाही. त्याचा हिशेब समजण्यासारखा आहे: गोऱ्या प्रतिस्पर्ध्यासमोर जेवढा गल्ला जमायचा तेवढा दोन कृष्णवर्णीयांच्या लढतीला जमत नव्हता, आणि धोका मात्र कितीतरी जास्त होता. पदावरच्या सहा वर्षांत तो एकाच कृष्णवर्णीयाशी पदासाठी लढला, डिसेंबर १९१३ मध्ये पॅरिसला बॅटलिंग जिम जॉन्सनशी, आणि त्या दुय्यम माणसाशीही लढत बरोबरीत सुटली. वर्णभेदाची भिंत फोडणाऱ्यानेच ती आपल्यामागे पुन्हा बंद करून घ्यावी, याहून मोठा उपरोध या खेळाच्या इतिहासात मला आढळलेला नाही.

जगज्जेतेपदाची वाट बंद झाल्यावर हे लोक एकमेकांशीच लढत राहिले. लँगफर्ड, जो जेनेट, सॅम मॅकव्हे आणि हॅरी विल्स ही चौकडी दहा-पंधरा वर्षे आलटूनपालटून त्याच-त्याच तीन माणसांसमोर उभी राहिली, कारण त्यांना घ्यायला दुसरे कोणी तयार नव्हते. एकट्या विल्सशी लँगफर्ड पंधराहून अधिक वेळा लढला. नंतरच्या बऱ्याच लढतींत विल्स वरचढ ठरला खरा, पण १९१४ आणि १९१६ मध्ये लँगफर्डने त्याला नॉकआउट केले होते. १७ एप्रिल १९०९ रोजी पॅरिसमध्ये जेनेट आणि मॅकव्हे यांची लढत ४९ फेऱ्या चालली. जेनेट सुमारे २७ वेळा खाली गेला आणि तरीही जिंकला, कारण एकोणपन्नासाव्या फेरीनंतर मॅकव्हेला स्टुलावरून उठता येईना. आज दोन-तीन वेळा खाली गेलेल्या माणसाची लढत मी स्वतः थांबवेन, आणि थांबवलीच पाहिजे. त्या लढतीचे कौतुक करताना हेही बोलून ठेवतो. जेनेट आणि मॅकव्हे दोघेही जगज्जेतेपदाच्या तोलाचे होते, यात मला शंका नाही. दोघांचाही जॉन्सनने आधी, पद नसताना, पाडाव केला होता हेही तितकेच खरे.

लँगफर्डचा उत्तरार्ध थोडक्यात सांगतो. १९१७ मध्ये फ्रेड फुल्टनशी लढताना त्याच्या एका डोळ्याची दृष्टी गेली, दुसराही मंदावत गेला आणि तरी तो आणखी काही वर्षे लढला. १९२३ मध्ये जवळजवळ आंधळ्या अवस्थेत त्याने मेक्सिकोचे हेवीवेट विजेतेपद मिळवले. समोरचा दिसत नाही तर त्याला अंगाशी येऊ द्यायचे आणि स्पर्श झाला की मारायचे, ही त्याची तेव्हाची रीत. १९४४ मध्ये अल लॅनी या न्यूयॉर्कच्या पत्रकाराने त्याला हार्लेममधल्या एका खोलीत शोधून काढले, तेव्हा तो पूर्ण आंधळा आणि कफल्लक होता. त्या लेखानंतर लोकांनी निधी जमवला आणि त्यावर त्याची अखेरची वर्षे निभावली. जानेवारी १९५६ मध्ये तो वारला. जॅक डेम्प्सीने म्हातारपणी कबुली दिली की ज्याची भीती वाटून आपण लढत टाळली असा माणूस एकच होता, सॅम लँगफर्ड. डेम्प्सीसारख्या माणसाने दिलेल्या या दाखल्यापुढे पट्टा मला हलका वाटतो.

डेम्प्सीच्या नावावर आणखी एक न झालेली लढत आहे आणि तीत दोष कोणाचा यावर अजून वाद आहे. हॅरी विल्स, जन्म १८८९, न्यू ऑर्लिन्सचा, सहा फुटांहून उंच, भक्कम, आत शिरून धरपकडीत थकवणारा. डेम्प्सी जुलै १९१९ पासून सप्टेंबर १९२६ पर्यंत जगज्जेता होता आणि त्यातला बराच काळ विल्स हा त्याचा पहिल्या क्रमांकाचा आव्हानवीर मानला जात होता. न्यूयॉर्कच्या बॉक्सिंग आयोगाने तसा आग्रहही धरला. १९२५ मध्ये करारावर सह्यादेखील झाल्या, पण डेम्प्सीला द्यायची आगाऊ रक्कम प्रवर्तकाला उभी करता आली नाही आणि सगळे मुसळ केरात गेले. डेम्प्सी स्वतः लढायला तयार होता असे मला वाटते; त्याच्या भोवतालचा पैसा तयार नव्हता. जॉन्सननंतर पुन्हा कृष्णवर्णीय विजेता झाला तर काय, ही धास्ती १९१५ पासून बावीस वर्षे टिकली. १९३७ मध्ये शिकागोत जो लुईने तेव्हाचा विजेता ब्रॅडॉक याला हरवले तेव्हा कुठे ती मोडली. विल्सबद्दल मी एकच सावध शेरा मारेन: १९२६ मध्ये तो जॅक शार्कीकडून अपात्र ठरून हरला आणि पुढच्या वर्षी पाउलिनो उस्कुदुनने त्याला चौथ्या फेरीत नॉकआउट केले, म्हणजे शेवटी जोड लागली असती तरी उशीर झाला होता. १९२१-२२ मधला विल्स ही वेगळी गोष्ट. रिंगबाहेर तो या सगळ्यांत शहाणा निघाला. पैसा हार्लेममधल्या घरांत गुंतवला आणि सुखाने जगला. दरवर्षी महिनाभर निव्वळ पाण्यावर उपवास करण्याचा त्याचा नेम होता, तो ऐकून आमच्या एका पोराच्या आजीने त्याला चातुर्मासवाला ठरवून टाकले होते.

पन्नासच्या दशकावर थोडेच लिहितो, कारण तिथे भिंत रंगाची नव्हती, नुसत्या धूर्तपणाची होती. झोरा फॉली आणि एडी मॅकन हे १९५८ च्या सुमारास पहिल्या दोन आव्हानवीरांत गणले जात. विजेता फ्लॉइड पॅटरसनने त्याआधीच्या वर्षी सिएटलमध्ये पद पणाला लावले होते ते पीट रॅडमाकरविरुद्ध. रॅडमाकर ऑलिंपिक विजेता होता, हे मान्य. पण ती त्याची व्यावसायिक कारकिर्दीतली पहिलीच लढत होती. मॅकन पुढे स्वीडनच्या योहान्सनकडून पहिल्याच फेरीत हरला आणि फॉलीला संधी मिळाली ती १९६७ मध्ये, वय उलटून गेल्यावर, तीही ऐन भरातल्या अलीसमोर. क्लीव्हलंड विल्यम्सची कथा याहून कडू आहे: १९६४ मध्ये टेक्सासच्या एका महामार्ग पोलिसाची गोळी त्याच्या पोटात लागली, एक मूत्रपिंड गेले, आणि असा माणूस नोव्हेंबर १९६६ मध्ये ह्यूस्टनच्या ॲस्ट्रोडोममध्ये अलीसमोर उभा केला गेला. त्या रात्रीचा अली अप्रतिम होता असे लोक म्हणतात. होताच, पण समोर कोण उरले होते, हेही बघावे.

सत्तरच्या दशकात मात्र बहुतेकांची जोड लागली, म्हणून तिथे सबबी कमी चालतात. अर्नी शेव्हर्स हा इतिहासातल्या सर्वांत जड हातांपैकी एकाचा मालक होता, सत्तरच्या आसपास नॉकआउट त्याच्या नावावर आहेत, आणि तरीही जगज्जेता न झालेल्या सर्वोत्तम बॉक्सरांत मी त्याला पहिल्या पाचांत घेणार नाही. २९ सप्टेंबर १९७७ रोजी मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये दुसऱ्या फेरीत त्याने अलीला हलवून सोडले. अलीने डोळे वटारून, हातवारे करून काही झालेच नाही असे सोंग केले आणि शेव्हर्सने त्यावर विश्वास ठेवला. दणका बसल्याचे सोंग आणि खरा दणका यांतला फरक ओळखणे हेही बॉक्सिंगच आहे. त्या लढतीत दूरचित्रवाणी वाहिनी प्रत्येक फेरीचे गुण पडद्यावर दाखवत होती. अलीचा प्रशिक्षक अँजेलो डंडी याने ड्रेसिंग रूममधल्या टीव्हीवर माणूस बसवून ते मिळवले, शेव्हर्सच्या कोपऱ्याला ते सुचले नाही. १९७९ मध्ये सातव्या फेरीत त्याने लॅरी होम्सला असे पाडले की दुसरा कोणी उठला नसता. होम्स उठला, आणि अकराव्या फेरीत जिंकला.

जेरी क्वारी मला शेव्हर्सपेक्षा पुष्कळ वरचा बॉक्सर वाटतो. त्याने लाइलला हरवले, १९७३ च्या डिसेंबरमध्ये शेव्हर्सला पहिल्याच फेरीत संपवले, आणि प्रतिहल्ल्याची त्याची वेळ साधणे अजूनही शिकण्याजोगे आहे. पण अली आणि फ्रेझर यांच्याशी तो प्रत्येकी दोनदा लढला, चारही वेळा वेळेआधीच हरला, आणि प्रत्येक वेळी तो त्यांचाच खेळ खेळत बसला. कातडी लवकर फाटायची, अभिमान त्याहून लवकर दुखावायचा. डोक्याला बसलेल्या माराने त्याची स्मृती गेली आणि १९९९ मध्ये अवघ्या ५३ व्या वर्षी तो वारला. रॉन लाइल खुनाच्या शिक्षेत कोलोरॅडोच्या तुरुंगात बॉक्सिंग शिकला, तिशीत व्यावसायिक झाला, आणि मे १९७५ मध्ये अलीविरुद्ध दहा फेऱ्यांनंतर गुणांवर पुढे असताना अकराव्यात थांबवला गेला. जानेवारी १९७६ मधली त्याची आणि माजी जगज्जेता जॉर्ज फोरमनची लढत सगळ्यांना ठाऊक आहे; चौथ्या फेरीत दोघेही खाली गेले. ती पाहायला थरारक आहे, शिकायला वाईट. मी ती पोरांना ‘हनुवटी अशी वर ठेवू नका’ हे सांगण्यापुरतीच दाखवतो.

हौशी बॉक्सिंगमधला टेओफिलो स्टीव्हनसन या यादीत बसतो आणि बसतही नाही. त्याने १९७२, १९७६ आणि १९८० अशी तीन ऑलिंपिक सुवर्णपदके मिळवली आणि हौशी जगज्जेतेपदही तीनदा घेतले. क्यूबाने व्यावसायिक खेळावर बंदी घातली होती, आणि अमेरिकी प्रवर्तकांचे लाखो डॉलर त्याने आपल्या देशबांधवांच्या प्रेमापुढे नाकारले. तीन फेऱ्यांत त्याचा उजवा हात आला की लढत बहुधा संपायची. पंधरा फेऱ्यांत तो अलीसमोर टिकला असता का, यावर मी पैज लावणार नाही. सोव्हिएत संघाच्या इगोर व्हिसोत्स्कीने त्याला दोनदा हरवले होते, हे त्याचे भक्त विसरतात.

अलीकडच्या काळातले एकच नाव मला अस्वस्थ करते: नायजेरियाचा आयकी इबेआबुची. जून १९९७ मध्ये सॅक्रामेंटोत त्याने आणि डेव्हिड टुआने मिळून बारा फेऱ्यांत १,७३० ठोसे फेकले, जो हेवीवेटमधला विक्रम होता, आणि इबेआबुची जिंकला. मार्च १९९९ मध्ये त्याने ख्रिस बर्डला पाचव्या फेरीत संपवले; तोच बर्ड पुढे दोनदा जगज्जेता झाला. इबेआबुची मात्र त्याच वर्षी गंभीर गुन्ह्यात अटकेत गेला आणि त्याची ऐन उमेदीची वर्षे तुरुंगात गेली. त्याला कोणी टाळले नाही, कोणी अडवलेही नाही, म्हणून त्याला लँगफर्डच्या पंगतीत बसवणे मला मान्य नाही.

दुसऱ्या क्रमांकावर मी आज पीटर जॅक्सनला ठेवतो, तिसऱ्यावर विल्सला. आणि चौथ्यावर, अनेकांचा विरोध पत्करून, फिलाडेल्फियाच्या जिमी यंगला. शेवटच्या प्रश्नाचे उत्तरही तोच आहे. यंगकडे मोठा ठोसा नव्हता, शरीर प्रेक्षणीय नव्हते, आणि हजेरी देऊन जावे तसा तो कधीकधी लढायचा. ३० एप्रिल १९७६ रोजी मेरीलँडमधल्या लँडओव्हर इथे, वजन वाढलेल्या अलीविरुद्ध, मी गुणपत्रिका हातात घेऊन पाहिले तर मला तो थोडा पुढे वाटतो. पण अडचणीत आला की तो कमरेपर्यंत दोरांबाहेर वाकायचा, आणि असे त्याने एकदा नव्हे, अनेकदा केले. जो माणूस रिंगबाहेर डोके काढून थांबवा म्हणतो, त्याला पंच जगज्जेत्याचे पद काढून देत नाहीत. नोव्हेंबर १९७७ मध्ये नॉर्टनविरुद्ध तो पंचांच्या दुभंगलेल्या निर्णयावर (दोघे एका बाजूने, एक दुसऱ्या बाजूने) हरला, आणि तोच विजय पुढे नॉर्टनच्या पदाचा आधार ठरला. म्हणजे एका पंचाचा कागद उलटला असता तर या उत्तरात यंगचे नाव आलेच नसते.

पाहायची ती लढत १७ मार्च १९७७ ची, पोर्टो रिकोतल्या सान हुआनमधली, फोरमनविरुद्धची, बारा फेऱ्यांची. पहिल्यांदा सलग पाहा. दुसऱ्यांदा आवाज बंद करा, कारण प्रेक्षक यंगच्या बाजूने ओरडतात आणि आपला कान गुण देऊ लागतो. फोरमन ढकलायला हात पुढे करतो तेव्हा यंग मागे सरकत नाही, त्या हाताच्या बाहेरच्या बाजूला पाऊल टाकतो. मिठीत गेल्यावर फोरमनची कोपरे आतून अडकवतो. आणि फोरमन हात फिरवून चुकला की लगेच उजवा टाकून तिथून निघून जातो. सातव्या फेरीत फोरमनचा दणका त्याला खरोखर लागतो, पाय लटपटतात. त्या वेळी तो आंधळेपणाने हात फिरवत नाही. हात वर, डोके खाली, धरायला मिळेल ते धरायचे, आणि फेरी संपायच्या आत पुन्हा मारायला सुरुवात. मी ती फेरी मुलांना तीनदा लावतो: एकदा फक्त यंगचे पाय, एकदा फक्त हात, आणि एकदा फोरमनचा चेहरा. बाराव्या फेरीत फोरमन क्षणभर खाली जातो, निर्णय एकमताने यंगच्या बाजूने लागतो, आणि त्याच रात्री ड्रेसिंग रूममध्ये आपल्याला देव भेटला असे सांगून फोरमन दहा वर्षे रिंगपासून दूर जातो. त्याला खाली नेणारा तो उजवा ठोसा नेहमीच्या वेगात पाहिला तर निसटूनच जातो, इतका तो आखूड आणि साधा आहे. फीत थांबवून यंगचा मागचा पाय कुठे आहे ते बघा.